तळ्याकाठचा राजवाडा आणि एकशेवीस पानं

कोरपन्याच्या माणसाला किल्ल्याचं अप्रूप ते काय! गडचांदूरहून माणिकगडाची वाट धरली की आधी अमलनाला धरणाचं पाणी दिसतं, मग डोंगर आणि त्यावर काळ्या दगडांची तटबंदी. नागवंशी राजांनी हा किल्ला बांधला असं मानतात. पुढे तो गोंड राजांकडे आला. लहानपणी गडावर जाताना वडील बजावायचे, ‘आवाज करत चला रे, झुडपात अस्वल असतं.’ गडावर मुक्कामाला कुणी असेल तर तेच, अशी आमची समजूत.

म्हणून सावंतवाडीला बँकेत नोकरी करणाऱ्या मुलीचा फोन आला आणि ती म्हणाली, ‘‘बाबा, इथं तळ्याकाठी राजवाडा आहे. ज्यांचा आहे ते अजून तिथंच राहतात. तुम्ही आणि आई या ना पाहायला,’’ तेव्हा मी कॅलेंडर काढलं. आणखीही एक कारण होतं. आमचं जुनं घर. सागवानी खांब, कवेलूंचं छप्पर, पुढे लांब ओसरी. ते पाडून तिथं दुकानाचे गाळे काढायचे, असं धाकट्या भावाचं म्हणणं. ‘‘दरसाल कवेलू फेरायला माणूस भेटत नाही दादा, अन् राहतं कोण तिथं?’’ त्याचं चुकत नव्हतं. कागदावर माझी सही तेवढी राहिली होती. ‘आल्यावर पाहू’ म्हणून निघालो. बल्लारशाहहून रेल्वेनं मुंबई, तिथून कोकण रेल्वे. महाराष्ट्राच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला.

सावंतवाडीचं पूर्वीचं नाव सुंदरवाडी. मोती तलाव गावाच्या अगदी मधोमध आहे. एका अंगाला बाजारपेठ, कडेनं फिरायला आलेली माणसं, पलीकडे नरेंद्र डोंगर. आणि या सगळ्याकडे तोंड करून राजवाडा. तलावाला आजचं रूप १८७४ मध्ये आलं. राजवाडा त्याहून जुना, तिसऱ्या खेमसावंतांच्या काळातला. त्यांची कारकीर्द १७५५ ते १८०३. लेस्टर गेटातून आत गेलं की तांबड्या जांभ्याच्या कमानी आणि कौलारू छप्पर. पाहताक्षणी छाती दडपावी असलं त्यात काही नाही. एखाद्या थोरल्या, सधन घरी आल्यासारखं वाटतं. माझी नजर मात्र वर, छपरावरच. इतकी कौलं! आणि कोकणचा पाऊस! इथं फेरायला माणसं किती लागत असतील?

तिकीट काढून आम्ही दरबार हॉलमध्ये गेलो. सिंहासन आहे, भिंतींवर पूर्वजांच्या तसबिरी आहेत. पण पाय थबकले ते खाली मान घालून बसलेल्या कारागिरांपाशी. ज्या दालनात मुजरे झडले, तिथं रंगाच्या वाट्या मांडलेल्या! एक बाई रुपयाहून थोड्या मोठ्या गोल चकतीवर मासा काढत होत्या. ब्रशाचं टोक एवढं बारीक की मला चष्मा पुसावा लागला.

हीच ती गंजिफा. हा पत्त्यांचा खेळ हिंदुस्थानात जुना. बाबराने १५२७ मध्ये सिंधला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मोगली गंजिफेत आठ रंग आणि ९६ पानं. आपल्या लोकांनी त्यात विष्णूचे दहा अवतार बसवले, म्हणजे दहा रंग. प्रत्येकात एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानं, एकूण १२०. मत्स्याच्या रंगात मासे मोजायचे, कूर्माच्या रंगात कासवं, परशुरामाच्या रंगात परशू. गंमत अशी, की पाच रंगांत दश्शी वरचढ आणि उरलेल्या पाचांत एक्का. पूर्वी कापडाला चिंचोक्याची खळ आणि खडू देऊन ही पानं करत, वर लाखेचा थर. आता जाड कागद वापरतात, पण चित्र हातानंच. एका जोडाला किती दिवस लागतात असं मी विचारलं, तेव्हा त्या बाई हसल्या. ‘‘दिवस नाही हो, आठवडे म्हणा.’’

छापील पत्ते आले आणि हा खेळ मागे पडला. १९४८ मध्ये संस्थानही विलीन झालं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सावंतवाडीत या कामाचे जाणकार उरले होते ते वृद्ध पुंडलिक चितारी. शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी त्यांच्याकडून ही कला शिकले. कुणी हुकूम सोडावा आणि कारागिरांनी राबावं, असं नव्हे. राणीसाहेबांनी स्वतः ब्रश हाती धरला. मग राजवाड्यातच कारखाना सुरू झाला. गंजिफेबरोबर लाखकामाच्या पेट्या, पाट, चौरंग. सत्त्वशीलादेवी २०१८ मध्ये गेल्या, काम थांबलं नाही. आता पुढच्या पिढीनं राजवाड्याच्या एका भागात पाहुण्यांसाठी मोजक्या खोल्या काढल्या आहेत. २०२४ मध्ये सावंतवाडीच्या गंजिफेला भौगोलिक मानांकनही मिळालं.

खोल्या भाड्यानं दिल्या हे ऐकून सौभाग्यवतीला जरा खटकलं. ‘‘राजाच्या घरी भाडेकरू?’’ मला तसं वाटलं नाही. तनखे १९७१ मध्येच बंद झाले. जांभा आणि कौलं पूर्वजांच्या नावावर उभी राहत नाहीत. त्यांना दरवर्षी पैसा लागतो आणि आत माणसांचा वावर लागतो. भावाच्या गाळ्यांचा हिशेब मला त्या दरबार हॉलमध्ये पहिल्यांदा नीट कळला. आणि ओसरी तशीच ठेवून तीच भाड्यानं का देऊ नये, हेही तिथंच सुचलं. आमच्या गल्लीत शिवणकाम करणाऱ्या चार-पाच बाया जागा शोधत होत्या. भाडं गाळ्यांएवढं येणार नाही, हे खरं.

चितारआळीत लाकडी आंबे, केळी घेतली. गंजिफेचा भारी जोड आमच्या ऐपतीबाहेरचा, साधा घेतला. रात्री मुलीच्या खोलीवर भावाला फोन लावला. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘‘कवेलूंचा खर्च कोण करंल?’’ मी म्हटलं, यंदाचा मी. ‘‘अन् पुढच्या साली?’’ त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ‘‘या तर आधी, मग बसून पाहू,’’ म्हणून त्यानं फोन ठेवला.

मुलीनं तोवर पानं वाटली होती. गंजिफेला तिघं लागतात, प्रत्येकी चाळीस पानं. दिवसा खेळ रामानं सुरू करायचा, रात्री कृष्णानं. माझ्या हातात राम होता. कृष्ण निघाला हिच्याकडे.