चिंबोरी घरी आणलीत, आता पुढे काय?

आज चिंबोऱ्या. मालवणात म्हणतात कुर्ल्या, घाटावर खेकडे. रस्सा कसा करायचा याचे व्हिडिओ ढीगभर आहेत, पण बहुतेक सगळे साफ केलेल्या तुकड्यांपासून सुरू होतात. खरी धाकधूक असते ती त्याच्या आधी. म्हणून आज मी तेवढंच सांगणार आहे.

पहिला नियम : खेकडा जिवंतच घ्या. मेल्यावर त्याचे पाचक रस आणि जिवाणू मांस भराभर नासवतात, आणि काही जिवाणूंचं विष उकळूनही जात नाही. "आत्ताच मेलाय, निम्म्यात देते," असं कुणी म्हटलं तरी नको.

हातात जड लागला म्हणजे भरलेला. हलका असेल तर नुकतीच कात टाकलेली असते, आत नुसतं पाणी. उलटा करून बघा. पोटावरची झडप निमुळती तर नर, रुंद आणि गोल तर मादी. झडपेबाहेर अंड्यांचा घोस दिसला तर ती मादी घेऊ नका. पुढची पिल्लं त्यातच आहेत.

घरी आल्यावर नांग्यांची दोरी सोडू नका. खेकडा अर्धा-पाऊण तास फ्रीजरमध्ये ठेवा, थंडीने तो सुन्न होतो. जिवंत उकळत्या पाण्यात टाकला तर तडफडतो, पाय गाळतो. ब्रिटनने तर 2022 च्या कायद्यात खेकड्यांना संवेदना असलेले प्राणी मानलंय.

हालचाल पूर्ण थांबली की त्याला उलटा करा, झडप उचला आणि तिच्याखाली टोकदार सुरी खोल खुपसा. मग पुढे, डोळ्यांच्या मधे. त्याची मुख्य मज्जाकेंद्रं या दोन जागी असतात. आता दोरी कापा, पाठीचं कवच उघडा. पिसांसारखे करडे कल्ले आणि तोंडाजवळची पिशवी काढून टाका. बारीक पाय फेकू नका. ते पाण्याबरोबर वाटून गाळा, ते पाणी रश्शात घाला. अर्धी चव तिथेच असते.

कवच लाल झालं म्हणजे शिजलं, असं नाही. रंग आधीच बदलतो. रस्सा उकळल्यावर बारा-पंधरा मिनिटं द्या, मांस पांढरं आणि घट्ट दिसलं पाहिजे.

आणि हो, पाहुण्यांना कोळंबीची ॲलर्जी आहे का, आधी विचारा. खेकड्याचीही असू शकते, आणि शिजवल्याने ती टळत नाही.

काही अडलं तर व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!