शरदातले पाणपक्षी आणि गोदावरीचा चिखल

वसंत व्याख्यानमालेत शरद ऋतूचा विषय कशाला, असे एका मित्राने आम्हांस विचारले. प्रश्न रास्त आहे. आज ज्या पक्ष्यांविषयी बोलावयाचे ते वैशाखात येथे नाहीत. ते हिमालयापलीकडे आपापल्या घरट्यांवर गेले आहेत. पण गोदाघाटावर ज्या पाण्याच्या काठी आपण बसतो, तेच पाणी सुमारे पन्नास किलोमीटर खाली निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यात जाऊन थांबते, आणि आश्विन-कार्तिकात परदेशचे पक्षी उतरतात ते तेथेच. तेव्हा पाहुणे गेले असताना त्यांच्या मुक्कामाच्या जागेचा विचार केला तर बिघडत नाही.

आमचे आयुष्य कामगार संघटनेत गेले. शाळा आठवीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयाच्या बाकावर. पक्षिशास्त्राची पदवी आमच्याजवळ नाही. साखर कामगारांच्या सभांसाठी निफाड-कोपरगावच्या बाजूला वर्षानुवर्षे जाणे झाले, सभा संध्याकाळी आणि एस.टी. सकाळची, त्यामुळे मधला वेळ बंधाऱ्यावर जाऊ लागला, इतकाच आमचा अधिकार.

प्रथम ही जागा समजून घेऊ. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रज सरकारने हा बंधारा घातला. हेतू शुद्ध पाटबंधाऱ्याचा. येथून निघालेले डावे आणि उजवे कालवे आजही खालच्या कोपरगाव, राहाता भागाला पाणी देतात. पुढे नदीने आपले काम केले. दरवर्षीच्या पुराबरोबर गाळ आला, साचला, पाण्यात बेटे उठली, कडेने पाणकणीस माजले. इंजिनियरच्या वहीत गाळ म्हणजे तोटा. तितके पाणी कमी मावते. पक्ष्यांच्या हिशेबात मात्र हाच गाळ जमेच्या बाजूला पडला. १९८६ साली येथे अभयारण्य जाहीर झाले. इराणमधील रामसर या गावी १९७१ साली पाणथळ जागांविषयी जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याच्या यादीत महाराष्ट्रातले पहिले नाव लागले ते नांदूर मध्यमेश्वरचे; जानेवारी २०२० मध्ये ते जाहीर झाले. लोणार आणि ठाण्याची खाडी त्यानंतर आली. अडीचशेहून अधिक जातींचे पक्षी येथे नोंदलेले आहेत.

आता हे पक्षी येतात कशाला? थंडीला भिऊन, असे आपण मुलांना सांगतो. ते अर्धेच खरे. बदकाच्या अंगावरची पिसे त्याला थंडीत पुरेशी उबदार असतात. पण सैबेरियातले तळे गोठले म्हणजे चोच बुडवायला जागा उरत नाही. थंडी सोसता येते, उपास सोसत नाही. दिवस लहान होऊ लागला की त्यांच्या शरीरात प्रवासाची तयारी सुरू होते. ती खाऊन खाऊन चरबी साठवतात आणि दक्षिणेकडे निघतात. पट्टकादंब हंस तर हिमालय ओलांडून दख्खनच्या तळ्यांपर्यंत येतो. एका ठिकाणचा पक्षी दुसऱ्या ठिकाणी गेल्याचा पुरावा कोणता, असे विचाराल, तर पुष्कळ काळ तो पुरावा म्हणजे पायात अडकवलेले एक हलके कडे होते. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने, ही संस्था १८८३ सालची, सलीम अलींच्या देखरेखीखाली हजारो पक्ष्यांना अशी कडी घातली. कड्यावरचा क्रमांक दूर देशी कुणा शिकाऱ्याने कळवला, की मार्ग कळे. अलीकडे पाठीवर लहानसे यंत्र बसवून रोजचा मुक्कामही समजतो.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावयास हवी, कारण पुढचे सारे विवेचन तिच्यावर उभे आहे. युरोपात शरद ऋतू म्हणजे अन्न आटण्याचा काळ. आपल्याकडे नेमके उलटे घडते. पावसाळाभर तुडुंब भरलेले पाणी आश्विनापासून हळूहळू ओसरू लागते, आणि रोज वीतभर नवा ओला चिखल उघडा पडतो. त्यात किडे, अळ्या, शिंपले, पाणवनस्पतींचे कंद आणि बी. म्हणजे तिकडचे कोठार बंद होते त्याच सुमारास इकडच्या कोठाराची दारे उघडतात.

आणि या कोठारात प्रत्येकाचे खाते वेगळे आहे. कारखान्यात फिटर आणि टर्नर एकाच छपराखाली काम करतात, पण एकाचे हत्यार दुसऱ्याच्या हाती चालत नाही, तसेच. अगदी काठाच्या ओल्या मातीत पाणलावा आपली लांब चोच मुठीपर्यंत खुपसतो. त्या चोचीचे टोक आतल्या आत उघडते, त्यामुळे किडा जमिनीखालीच पकडता येतो. काठाने शेपटी हलवीत तुतवार आणि धोबी फिरतात. घोटाभर पाण्यात लांब गुलाबी पायांचा शेकाट्या. त्याहून थोडे खोल गेले की थापट्या बदक: याची चोच थापीसारखी रुंद, तिच्या कडांना कंगव्यासारखे दाते, पाणी आत घ्यायचे, बाजूने सोडायचे, आणि दात्यांत अडकेल ते गिळायचे. शेजारीच तलवार बदक डोके खाली, शेपटी आकाशाकडे करून उभे दिसेल. त्याची मान लांब म्हणून त्याला तळाचे बी मिळते. आखूड मानेच्या चक्रांगाला तेवढ्या पाण्यात काही हाती लागत नाही. वारकरी मात्र सरळ बुडी मारतो. काळ्या अंगावर पांढरे कपाळ, यावरून लोकांनी हे नाव दिले असावे असे आम्हांस वाटते. मारुती चितमपल्ली यांच्या ‘पक्षिकोशा’त अशा देशी नावांचा केवढा तरी साठा आहे.

याचा अर्थ असा की पाण्याची पातळी हातभर वर-खाली झाली तर एखाद्या खात्याला टाळे लागते. पाणी एकदम चढले, की शेकाट्या आणि पाणलावा बेकार. एकदम उतरले, की बदके बेकार. हळूहळू उतरत गेले तर सर्वांना आळीपाळीने काम.

नवशिक्या निरीक्षकास शरदात एक अडचण हमखास येते, ती येथेच सांगून टाकतो. पुस्तकात बदकाचा नर रंगीबेरंगी काढलेला असतो; येथे पाहावे तो सगळी बदके सारखीच तपकिरी. कारण वीण आटोपल्यावर नर आपली भरजरी पिसे टाकतो. उडण्याची पिसेही एकदमच गळतात, आणि काही आठवडे त्याला उडताच येत नाही. अशा वेळी झळकणारा रंग म्हणजे मरणाला आमंत्रण. तो मादीसारखा साधा होतो, आणि त्याच साध्या वेषात पुष्कळदा आपल्याकडे पोचतो. रंग चढतो मार्गशीर्षाच्या आसपास. तोवर चोचीचा आकार, मानेची लांबी आणि चरण्याची तऱ्हा पाहावी. मनुष्य हत्यारावरून ओळखावा तसा.

आता दाणा घालण्याविषयी. हा प्रश्न सभेनंतर कोणी तरी विचारतोच, आणि विचारणाऱ्याचे मन चांगले असते. पाहुणे इतक्या दुरून आले, त्यांना चार दाणे घातले तर काय वाईट? जगात अशी ठिकाणे आहेत. इंग्लंडात स्लिमब्रिज येथे पीटर स्कॉट या चित्रकाराने १९४६ साली पाणपक्ष्यांसाठी संस्था काढली. तेथे हिवाळ्यात रशियाच्या उत्तर टोकाकडून बेविक हंस येतात. त्यांना धान्य घालतात, आणि लोक ओट्यावर बसून ते पाहतात. १९६४ पासून तेथे प्रत्येक हंस चोचीवरच्या पिवळ्या-काळ्या नक्षीवरून वेगळा ओळखून त्याची नोंद ठेवण्याची पद्धत पडली. घातलेल्या धान्यातून केवढी विद्या निर्माण झाली! पण त्या देशात हिवाळ्यात जमीन गोठते, आणि तेथेही नुसता दाणा नव्हे तर भोवतालची कुरणे व दलदल राखलेली आहे, हे विसरता येत नाही.

आपल्या देशात राजस्थानातील फलोदीजवळचे खीचन हे गाव. तेथे लांब मानेचे कांड्या करकोचे, तिकडच्या बोलीत कुरजां, मंगोलियाकडून भाद्रपद-आश्विनात येतात. १९७० च्या दशकापासून गावातील जैन कुटुंबांनी त्यांना रोज सकाळी ज्वारी घालण्यास आरंभ केला. कुत्र्यांपासून रक्षण व्हावे म्हणून कुंपणाचे चुग्गाघर बांधले. आज हजारो करकोचे तेथे उतरतात, आणि २०२५ साली खीचनही रामसरच्या यादीत आले. त्या गावकऱ्यांविषयी आमच्या मनात आदरच आहे. परंतु हजारो पक्षी एका कुंपणात उतरू लागले म्हणजे त्याचे परिणामही पाहावे लागतात. भोवतालच्या विजेच्या तारांना धडकून तेथे पक्षी मरतात. गर्दीत रोगाचे भय वाढते. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याच जोधपूर भागात, कापरडा येथील तळ्यावर, पक्ष्यांच्या फ्लूने करकोचे मेले. हा दोष दाण्याचा होता असे आम्ही म्हणत नाही. गर्दी जितकी दाट तितकी साथ सोपी, एवढाच मुद्दा.

खीचनमध्ये निदान ज्वारी घालतात. मुंबईत गेटवेवरून एलिफंटाला जाणाऱ्या लाँचीवर काय घालतात? गाठ्या! तेल, मीठ आणि बेसन. कुरव पक्षी ते हवेतच झेलतात, पोरे टाळ्या पिटतात, फोटो निघतात. तो पक्षी स्वतःची मासळी पकडणारा कसबी कारागीर; त्याला आपण फरसाणाच्या मागे धावायला लावतो. असो.

आमचा धंदाच असा, की अशा वेळी आम्हांस एक जुनी तुलना सुचते. कारखाना बंद पाडून मालकाने फाटकाशी शिधा वाटला, तर त्याला आम्ही औदार्य म्हणत नाही. कामगार म्हणतो, शिधा राहू द्या, खाते उघडा. पाणलाव्याचे खाते म्हणजे चिखल. दख्खनच्या शरदात पक्ष्याला दाण्याची गरज नाही. त्याला वीतभर पाणी आणि ओला काठ हवा, आणि तो मिळणे न मिळणे आपल्या हाती आहे.

ते कसे? महाराष्ट्रात १५ ऑक्टोबरला धरणांतला साठा मोजून रब्बीचे आणि उन्हाळ्याचे पाणी ठरवतात. कालवा सल्लागार समितीची बैठक होते, आवर्तने ठरतात, शेतकऱ्यांत आणि गावागावांत खणाखणी होते. नेमक्या त्याच दिवसांत चक्रवाकांचे पहिले थवे उतरत असतात. शेतकऱ्याचे पाणी तोडून बदकांना द्या, असे आम्ही म्हणणार नाही. बंधारा पिकासाठीच बांधला आहे. परंतु पाणी किती द्यायचे हा एक प्रश्न आणि ते कसे उतरवायचे हा दुसरा. एका रात्रीत हातभर उतरवण्याऐवजी बेताबेताने उतरवले, तर कालव्याचा हिस्साही जातो आणि चिखलही टिकतो. हे साधेल तेथे साधावे, इतके तरी त्या बैठकीच्या टिपणात यायला हरकत नसावी.

नियम वाचण्याची आम्हांला खोड आहे. करारातले बारीक अक्षर वाचूनच आमचे केस पिकले. २०१७ सालचे पाणथळ जागांचे केंद्रीय नियम वाचावेत. पाणथळ म्हणजे काय याची व्याख्या देताना, पाटबंधाऱ्यासाठी माणसाने मुद्दाम बांधलेले जलाशय त्यातून वगळले आहेत. नांदूर मध्यमेश्वर अभयारण्य आहे, रामसर यादीत आहे, म्हणून त्याला आधार आहे. पण आपल्या गावचा पाझर तलाव? शिवारातला लहानसा बंधारा? तलवार बदक त्या व्याख्येशी परिचित नसल्याने तेथेही उतरते. त्या तलावात उद्या भराव पडला, तर त्याच्या बाजूने उभे राहायला या नियमांत जागा सापडणे कठीण. महाराष्ट्रात पाण्याच्या बहुतेक जागा माणसानेच बांधलेल्या आहेत, हे ध्यानी घेतले म्हणजे या ओळीचे वजन कळते.

आणि नाशिककरांचा हिस्सा निराळाच. शहराचे सांडपाणी नदीत जाते, त्यावर जलपर्णी पोसते, पुराबरोबर ती खाली येते आणि बंधाऱ्याच्या पाण्यावर हिरवा गालिचा पसरते. दुरून फार सुंदर दिसते. थापट्याला तेथे चोच बुडवता येत नाही.

दसरा-दिवाळी झाली की याच रस्त्याने आणखी एक स्थलांतर सुरू होते. बीडकडून ऊसतोडीचे जथे येतात. ट्रॅक्टरवर बिऱ्हाड, पोरे, कोंबड्या. ज्या कालव्याच्या पाण्यावर ऊस उभा असतो, त्याच कालव्याच्या कडेला त्यांच्या कोप्या पडतात, आणि पिण्याच्या पाण्यासाठी बायांना दूर जावे लागते. १५ ऑक्टोबरच्या हिशेबात त्यांचेही नाव नसते. पक्षी पाहायला जाणाऱ्या मंडळींनी वाटेत तेथेही दोन मिनिटे गाडी थांबवावी.

जाणारांसाठी दोन शब्द. पहाटे पोचावे, ऊन पाठीवर घ्यावे, मळकट रंगाचे कपडे घालावेत. आठपट दिसणारी दुर्बीण पुरते. चापडगावला मनोरे आहेत आणि गावातले तरुण वाटाडे म्हणून मिळतात. त्यांना सोबत घ्यावे आणि ठरलेली मजुरी घासाघीस न करता द्यावी. थवा मोजताना प्रथम दहा पक्षी नीट मोजावेत, ते किती जागा व्यापतात हे डोळ्यांत बसवावे, आणि त्या मापाने थवा मापावा. १९८७ पासून दर जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते, तीत आपल्यासारख्या हौशी माणसांचे आकडेही धरले जातात. आकडा आणि तारीख वहीत लिहावी, आणि त्याशेजारी पाण्याची पातळीही लिहावी. ती पुष्कळजण लिहीत नाहीत. निघण्याआधी कालव्याचे आवर्तन सुरू आहे काय हे गावात फोन करून विचारून घ्यावे. सुरू असेल तर मनोऱ्यावर न चढता काठाकाठाने चालावे, कारण नव्याने उघडा पडलेला चिखल त्या दिवशी तेथे सापडतो.