मिहानमधून नकार आला, आता पुढे काय?

वर्धा मार्गाने खापरीकडे गेले की मिहानच्या इमारती दिसू लागतात. नागपूरच्या कितीतरी घरांनी मुलामुलींच्या भवितव्याचा हिशेब या इमारतींकडे पाहूनच मांडला. शिवणगाव, खापरी, दहेगाव, कलकुही, तेल्हारा या गावांच्या जमिनी प्रकल्पात गेल्या आणि घरोघरी एकच बोलणे सुरू झाले, "मिहान झाले की पोरं कामाला लागतील." काही लागलीही. २०१५ साली एअर इंडियाचे विमान दुरुस्ती केंद्र सुरू झाले, संगणक कंपन्या आल्या, ११ डिसेंबर २०२२ रोजी एम्सचे उद्घाटन झाले. पण त्याच वर्षी सप्टेंबरात मिहानला येणार म्हणून सांगितलेला टाटा-एअरबसचा विमान कारखाना ऑक्टोबरात वडोदऱ्याला जाहीर झाला. आशा लावून बसलेल्या तरुणांच्या पदरी निराशाच आली.

आमचे म्हणणे एवढेच की, नकार आला की आधी तो कशाचा आहे ते पाहावे. काम आलेच नाही, की काम होते आणि आपली निवड झाली नाही? कारखाना दुसरीकडे गेला यात मुलाचा काय दोष? ते अपयश त्याच्या माथी मारू नये. अशा वेळी शिकलेली विद्या घेऊन दुसरे गाव, दुसरी कंपनी शोधावी. निवड झाली नसेल तर मात्र कुठे कमी पडलो ते कागदावर लिहून काढावे.

विमान देखभालीच्या परवान्याची परीक्षा एका दमात होत नाही. तिचे वेगवेगळे विभाग असतात आणि प्रत्येकात ७५ टक्के गुण लागतात. एक विभाग अडला तर तोच पुन्हा द्यायचा असतो. सुटलेले विभाग लगेच वाया जात नाहीत. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर पदासाठी नॉर्सेट ही सामायिक परीक्षाही पुन्हा पुन्हा होते. तिची वयोमर्यादा साधारण ३० वर्षे असून अनुसूचित जातींना ५ वर्षांची सवलत आहे. म्हणजे एका निकालाने आयुष्याचा निकाल लागत नाही.

बाबासाहेबांनाही हे चुकले नाही. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध १९२२ साली लंडनला सादर झाला. मार्च १९२३ मध्ये परीक्षकांनी तो पुन्हा लिहायला सांगितले. जवळचे पैसे संपत आले होते. ते मुंबईस परतले, निष्कर्ष तेच ठेवून प्रबंध नव्याने लिहिला आणि ऑगस्टमध्ये पुन्हा पाठवला. त्याच वर्षी तो मान्य होऊन त्यांना डी.एस्सी. मिळाली. मांडणी बदलली, ध्येय बदलले नाही.

आता दोन शब्द आईवडिलांसाठी. मुलगा नापास झाला की त्याला आणखी एक वर्ष मिळते. मुलगी नापास झाली की तिच्यासाठी स्थळे पाहणे सुरू होते. हा भेद आपल्या घरात चालू देऊ नका. जेवढी संधी त्याला, तेवढीच तिला. शेजारच्या मुलाचा पगार जेवणाच्या ताटावर काढू नका. शिक्षणासाठी कर्ज काढले असेल तर त्याचा हिशेब मुलांसमोर शांतपणे मांडा, टोमण्यात नको. परीक्षा पुन्हा देईपर्यंत एखादे छोटे काम करण्यात कमीपणा नाही. चार पैसे येतात आणि मनही थाऱ्यावर राहते.

एवढे करूनही झोप उडाली, जेवण तुटले, जगणे नकोसे वाटू लागले, तर तो आळस समजू नका, तो आजार असू शकतो. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक दिवसरात्र चालू असतो. तिथे मराठीतून बोलता येते.

नकाराचे पत्र फाडून टाकू नका. त्याच्याच मागच्या कोऱ्या बाजूवर पुढच्या परीक्षेची तारीख लिहा आणि ते भिंतीवर लावा.