बर्फाखालची साखर

स्की रिसॉर्टमधला बर्फ आणि तिथल्या दोरीपलीकडचा बर्फ दिसायला अगदी एकसारखा. पण रिसॉर्टवाले भल्या पहाटे सुरुंग लावून धोक्याचे उतार आधीच मोकळे करतात. दोरीपलीकडे, म्हणजे बॅककंट्रीत, हे काम कोणी करत नाही. आम्हां कोलोरॅडोकर मराठी कुटुंबांतली कॉलेजात जाणारी पोरं आता नेमकी तिकडेच निघाली आहेत. नुसतं "जाऊ नकोस" म्हटल्याने ती काही थांबत नाहीत! तेव्हा हा प्रकार आहे तरी काय, हे आपण पालकांनी समजून घेतलेलं बरं.

सह्याद्रीत दरड कोसळते ती पावसामुळे. हिमस्खलनाचं गणित निराळं. ज्या स्खलनांत माणसं सापडतात, त्यांतली दहापैकी सुमारे नऊ त्याच माणसांच्या किंवा त्यांच्या सोबत्यांच्या वजनाने सुटलेली असतात.

हे घडतं कसं? ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पहिला पातळ थर पडतो. त्याच्याखालची जमीन शून्य अंशाच्या आसपास, वरची हवा मात्र कडाक्याची थंड. दर दहा सेंटिमीटरला एक अंशाहून जास्त फरक पडला, की बर्फातली वाफ वर सरकते आणि कणांचं रूप बदलतं. ते मोठे, कोनदार आणि सुटे होतात. मुठीत घेऊन पाहा, गोळा वळत नाही. जाड साखरेसारखे बोटांतून निसटतात. पुढे वादळं आणि वारा त्यावर घट्ट लादी रचतात. थोडक्यात, सिमेंट न घालता साखरेवर फरशी बसवलेली! 30 ते 45 अंशांच्या उतारावर एका माणसाच्या वजनाने साखर खचते, तडा क्षणात पसरतो आणि अख्खी लादी सुटते. कधी कधी खचताना 'धप्प' असा आवाज येतो. तो ऐकला की तिथून मागे फिरावं.

डेन्व्हरहून गाडीने तासा-दीड तासावरच्या लव्हलँड पासजवळ 20 एप्रिल 2013 रोजी सहा जण असेच निघाले होते. धोक्याचं बुलेटिन त्यांना ठाऊक होतं, साधनं जवळ होती. उताराच्या पायथ्याकडून, एकमेकांत अंतर ठेवून ते चालले होते. तळचा थर खचला आणि उतार वरून सुटला. अंतर पुरलं नाही, सहाही जण सापडले आणि शोधायला मोकळं कोणी उरलं नाही. पाच जण गेले. अर्धवट गाडला गेलेला एकटा वाचला.

'शोधायला कोणी उरलं नाही' याचा अर्थ नीट लक्षात घ्या. बर्फाखाली पूर्ण गाडलेल्या माणसाला दहा मिनिटांत काढलं, तर दहांपैकी नऊ वाचतात. अर्ध्या तासाने हे प्रमाण तिघांत एकावर येतं. बाहेरची मदत इतक्या लवकर पोचत नाही. म्हणून प्रत्येकाच्या अंगावर ट्रान्सीव्हर आणि पाठीवर प्रोब व फावडं हवं, ती चालवण्याचा सराव हवा आणि धोक्याचा उतार एका वेळी एकानेच ओलांडायला हवा.

कोलोरॅडो अ‍ॅव्हलाँच इन्फर्मेशन सेंटर हिवाळ्यात रोज धोक्याची पातळी जाहीर करतं. पातळ्या पाच. सर्वांत जास्त बळी पाचव्या पातळीला जात नाहीत, तर तिसऱ्या, 'कन्सिडरेबल' पातळीला जातात. चौथी-पाचवी असली की बहुतेक लोक घरी बसतात. तिसरी म्हणजे 'मधलीच तर आहे' असं वाटतं, तिथेच घात होतो.

तेव्हा मुलगा किंवा मुलगी बूट चढवत असताना एवढंच विचारा: आज पातळी कितवी? उतार किती अंशांचा, आणि त्याच्या वर काय आहे? सोबत्यांना साधनं चालवता येतात का? आणि एकाने जरी "परत फिरू" म्हटलं, तर सगळे फिराल ना? उत्तरं पटकन आली तर डबा भरून द्या. चाचरत आली, तर त्या दिवशी रिसॉर्टचं तिकीट काढून द्या; ते स्वस्तच पडेल.