गाडीची वाढीव वॉरंटी : घ्यावी की सोडावी?

गेल्या महिन्यात माझा भाचा दुकानावर आला. भिवंडीत त्याचा लूमचा कारोबार आहे, अल्लाहच्या मेहरबानीने बरा चालतो. लहानपणापासून त्याला वेगवान गाडीची हौस. आता त्याने चार वर्षे चाललेली एक परदेशी बनावटीची स्पोर्ट्‌स कार पसंत केली होती. हौस हलाल कमाईची असेल आणि जकात, घरखर्च, कारागिरांची मजुरी वेळेवर जात असेल, तर मी नको म्हणणारा कोण? परंतु तो गाडीबद्दल विचारायला आला नव्हता. त्याने एक कागद पुढे केला. "मामू, डीलर म्हणतो दोन वर्षांची वाढीव वॉरंटी घ्या. एक लाख रुपये आणि वर जीएसटी. आज सही केली तरच हा भाव. काय करू?"

स्पोर्ट्‌स कार आपल्या वाचकांपैकी थोड्यांकडेच असेल. पण हाच कागद आज टेम्पो, एम्ब्रॉयडरी मशीन, फ्रिज, मोबाइल या सगळ्यांबरोबर पुढे येतो. म्हणून तो कसा वाचावा याचा विचार सर्वांच्या उपयोगाचा आहे.

वॉरंटी वेगळी, विमा वेगळा

प्रथम एक गैरसमज दूर करू. गाडी ठोकली, चोरीला गेली, जळाली तर तो विम्याचा विषय. इंजिन, गिअरबॉक्स किंवा वायरिंग आपोआप बिघडले तर तो वॉरंटीचा विषय. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि हजारो गाड्या पाण्यात गेल्या. अशा वेळी इंजिनात पाणी शिरले तर वॉरंटी हात वर करते. साध्या विम्यातही ते नुकसान पुष्कळदा बसत नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते. स्पोर्ट्‌स कार जमिनीला टेकून चालणारी, तिला हा धोका अधिक.

देखभाल हा तिसरा प्रकार. तेल बदलणे, फिल्टर, तपासणी ही देखभाल झाली. फेरारीसारखी कंपनी नव्या गाडीबरोबर सात वर्षांची ठरलेली देखभाल देते, तीही वॉरंटी नव्हे. डीलरच्या तोंडी हे तिन्ही शब्द एकत्र येतात. गिऱ्हाइकाने ते वेगळे करून घ्यावेत.

हिशेब मांडून पाहा

भाच्याला म्हटले, वही काढ. एक लाखावर १८ टक्के कर, म्हणजे १,१८,००० रुपये. समजा, सर्वांत मोठा बिघाड गिअरबॉक्सचा आणि त्याचा खर्च चार लाख. मग हा सौदा बरोबरीचा केव्हा होईल? अशा दहा गाड्यांपैकी तीन गाड्यांचे गिअरबॉक्स दोन वर्षांत गेले तर. तितक्या गाड्या बिघडतात असे मेकॅनिक म्हणत असेल, तर तशी गाडीच घेऊ नये. म्हणत नसेल, तर आपण जास्त पैसे मोजतो आहोत.

हे असे असणारच. वॉरंटी विकणाऱ्याला त्याच पैशांतून दुरुस्ती करायची, डीलरचे कमिशन द्यायचे, ऑफिस चालवायचे आणि नफाही काढायचा. म्हणजे सर्व गिऱ्हाइकांचा मिळून हिशेब केला तर जितके दिले त्याहून कमीच परत येते. आपण व्यापारी आहोत, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

मग वॉरंटी कुणाच्या कामाची? ज्याचे घर किंवा धंदा एका मोठ्या बिलाने कोसळेल, त्याच्या. पण चार लाखांच्या बिलाने जो माणूस कोसळेल त्याने स्पोर्ट्‌स कार घ्यावी का, हा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे.

जीएसटी भरणाऱ्या व्यापाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. तेरापर्यंत माणसे बसतील अशा प्रवासी मोटारीवर, तिच्या दुरुस्तीवर व विम्यावर भरलेल्या कराचे क्रेडिट साधारणपणे मिळत नाही. माल वाहणाऱ्या टेम्पोचे मिळते.

बारीक अक्षरात काय असते?

रात्री ईशाच्या नमाजनंतर आम्ही दोघे तो कागद घेऊन बसलो. त्यातून ज्या गोष्टी तपासायच्या त्या अशा :

१. हमी देणारा कोण? गाडी बनवणारी कंपनी, डीलर की तिसरीच पेढी? डीलरने उद्या शटर ओढले तर कुणाच्या दारात जायचे?

२. यादी कोणत्या प्रकारची? 'हे भाग सोडून सर्व' असे लिहिले असेल तर चांगले. 'फक्त हेच भाग' असेल तर सावध राहावे. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, टायर, बॅटरी, वायपर हे झिजणारे भाग बहुधा वगळलेले असतात. स्पोर्ट्‌स कार महिन्यात चार दिवस चालते आणि बाकी उभी असते. उभ्या गाडीत आधी काय जाते? बॅटरी आणि टायर!

३. दर दाव्याला किती मर्यादा? मजुरी धरली आहे का? काही रक्कम आपल्या खिशातून जाणार का?

४. सर्व्हिस वेळेवर आणि अधिकृत वर्कशॉपमध्येच करण्याची अट आहे का? एखादी सर्व्हिस चुकली की दावा अडतो. प्रत्येक बिल फाइलला लावावे.

५. वर्कशॉप कुठे आहे? अशा गाड्यांची वर्कशॉपे मोठ्या शहरांतच असतात. मालेगावात गाडी बंद पडली तर ती उचलून नेण्याचा खर्च कुणाचा?

६. गाडी विकली तर वॉरंटी नव्या मालकाच्या नावावर होते का? होत असेल तर विकताना थोडा भाव अधिक येतो.

सातवी गोष्ट आम्हाला त्याच कागदाच्या शेवटच्या पानावर सापडली. गाडीत फेरफार केला असेल, इंजिनचे सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवली असेल किंवा गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर चालवली असेल तर वॉरंटी रद्द. आता भाच्याने पसंत केलेल्या गाडीचा सायलेन्सर पहिल्या मालकाने बदललेला होता, तिचा आवाजच ते सांगत होता. मी म्हटले, डीलरला लेखी विचार की या गाडीला हे कलम लागू होणार की नाही. आठ दिवस झाले, फोनवर "काही काळजी करू नका" एवढेच उत्तर आले. कागदावर एक ओळ आली नाही. एक लाख अठरा हजार घेणारा माणूस एक ओळ लिहून देत नसेल, तर पुढे काय समजायचे ते समजावे.

टेम्पोवाल्या बांधवांनी हेच कलम वेगळ्या नावाने वाचावे. तुमच्याकडे त्याला 'ओव्हरलोड' म्हणतात. आणि टेम्पो वर्कशॉपमध्ये दहा दिवस उभा राहिला तर बुडालेली रोजी सहसा कोणतीही वॉरंटी भरून देत नाही.

शरीअतच्या नजरेतून

आपल्या दुकानात आपण सांगतो, 'रंग गेला तर थान परत घेऊ.' ही हमी भावातच धरलेली असते. नव्या गाडीची मूळ वॉरंटी अशीच, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण 'रंग जाईल की नाही ठाऊक नाही, गेला तर भरून देईन, त्याचे वेगळे पैसे दे' असा सौदा केला तर? त्यात गरर, म्हणजे अनिश्चितता येते. म्हणून वेगळी विकत घेतलेली वॉरंटी विम्यासारखीच आहे आणि नाजायज आहे असे अनेक उलेमा म्हणतात. काही उलेमा तिला ठरावीक सेवेचा करार मानून अटींसह परवानगी देतात. जेद्दा येथील आंतरराष्ट्रीय फिक्ह अकादमीने १९८५ मध्ये ठरलेल्या हप्त्याचा व्यापारी विमा नामंजूर केला आणि आपसांतील सहकार्याचा मार्ग मंजूर केला, हे या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखे आहे. फतवा देणे माझे काम नाही. सही करण्यापूर्वी करारनामा आपल्या मुफ्ती साहेबांना दाखवावा.

मात्र एका गोष्टीवर दुमत नसावे. डीलर वॉरंटीची रक्कम हळूच गाडीच्या कर्जात मिसळतो. मग एका कागदी हमीवर पाच वर्षे व्याज जाते. यापासून दूर राहावे.

तक्रार कुठे करावी?

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. घरच्या वापरासाठी गाडी घेणारा या कायद्याखाली ग्राहक आहे. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे, तेही आपण राहतो त्या जिल्ह्यात, तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. धंद्यासाठी घेतलेली वस्तू यात बसत नाही. परंतु स्वतः चालवून पोट भरण्यासाठी घेतलेली रिक्षा, टेम्पो किंवा मशीन बसते. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या प्रकरणात हा फरक स्पष्ट केला. म्हणून गाडी कुणाच्या नावाने आणि कशासाठी घेता, हे आधीच ठरवावे.

शेवटी काय केले?

भाच्याने वॉरंटी घेतली नाही, आणि ती गाडीही सोडली. दुसरी पाहिली, सर्व सर्व्हिस बिले असलेली, काहीही न बदललेली. घेण्यापूर्वी डीलरशी संबंध नसलेल्या मेकॅनिककडून ती लिफ्टवर चढवून तपासून घेतली. जे १,१८,००० वॉरंटीत जाणार होते ते वेगळ्या चालू खात्यात टाकले, दर महिन्याला त्यात पाच हजारांची भर घालतो. त्याने त्याला नाव दिले आहे 'दुरुस्तीचा गल्ला'. गाडी बिघडली तर पैसा तयार. नाही बिघडली तर पैसा त्याचाच, बिनव्याजी आणि बिनवादाचा.

लूमवाले, टेम्पोवाले, शिलाई कारखानदार यांनीही प्रत्येक मशीनमागे असा एक छोटा गल्ला काढावा असे माझे नम्र मत आहे. चार-पाच भरवशाचे बांधव मिळून तो काढला तर आणखी चांगले. बिघाड सर्वांचा एकाच महिन्यात येत नाही, आणि त्यातच सहकार्याची बरकत आहे.