साहेब मशीनपर्यंत येतो का?

मी कविता लिहिणारा माणूस. शिक्षण बी. ए.पर्यंत. विमान हवेत कसे राहते, हे मला आजही धड सांगता येणार नाही. पण विमाने करणाऱ्या माणसांविषयी मला कुतूहल आहे. माझे अब्बा एका कारखान्यात फिटर होते. नवा साहेब आला की त्याची डिग्री काय, हे ते कधी विचारत नसत. साहेब मशीनपर्यंत येतो का आणि आला तर ऐकून घेतो का, एवढेच विचारत. अमेरिकेतल्या बोइंग कंपनीच्या प्रमुखांची हकिकत वाचताना मला अब्बांचा हा प्रश्न सारखा आठवत होता.

कंपनीचे संस्थापक विल्यम बोइंग हे लाकडाचे व्यापारी. सिॲटल शहरात १९१६ साली त्यांनी कंपनी काढली. तेव्हाचे विमान म्हणजे लाकडी सांगाडा आणि त्यावर ताणलेले कापड. त्यामुळे लाकडाची पारख इथे उपयोगी पडली. कारखान्यात फिरताना नीट न कापलेल्या फळ्या दिसल्या, तर बोइंगसाहेब त्या खाली टाकून पायाने तुडवीत, असे सांगतात. पुढे १९३४ साली सरकारने विमाने बनवण्याचा आणि चालवण्याचा धंदा कायद्याने वेगळा केला. ते त्यांच्या इतके जिव्हारी लागले की त्यांनी शेअर विकले आणि कंपनीतून अंग काढून घेतले.

मला यातले सर्वांत आवडलेले गृहस्थ म्हणजे विल्यम ॲलन. हे वकील. १९४५ साली त्यांना अध्यक्षपद देऊ केले, तेव्हा हे काम आपल्याला झेपेल का, अशी शंका त्यांना स्वतःलाच होती. सूत्रे हाती घेतली आणि युद्ध संपले म्हणून लष्कराने ऑर्डरी रद्द केल्या. हजारो कामगारांना घरी पाठवावे लागले. या ॲलन यांनी पद स्वीकारताना स्वतःसाठी काही नियम कागदावर लिहून ठेवले होते. त्यात एक नियम असा, की आपण फार बोलायचे नाही, दुसऱ्यांना बोलू द्यायचे. कामगारांची बाजू मनापासून समजून घ्यायची, असाही एक होता. (आमच्या साहित्य संस्थांच्या अध्यक्षांनीही यातला पहिला उतरवून घ्यायला हरकत नाही.)

याच वकिलाच्या काळात १९५२ साली कंपनीने हातात एकही ऑर्डर नसताना सुमारे १ कोटी ६० लाख डॉलर जेट विमानाच्या नमुन्यावर लावले. इंजिनिअर सांगत होते आणि ॲलन ऐकत होते. १९५४ साली तो नमुना उडाला आणि त्यातून ७०७ जन्मले. १९६० साली ते एअर इंडियाच्या ताफ्यात आले. पुढे ॲलन यांनीच ७४७ चा डाव मांडला. मुंबईकरांना आठवत असेल, १९७१ साली आलेले ‘सम्राट अशोक’ हे एअर इंडियाचे पहिले जंबो. मात्र त्या डावाने कंपनी जवळजवळ बुडाली. ॲलन यांच्यानंतर आलेले टी. विल्सन हे इंजिनिअर. त्यांना इतकी नोकरकपात करावी लागली की शेवटी शहर सोडणाऱ्याने दिवे मालवावेत, असा फलक सिॲटलमध्ये लागला होता.

१९९७ साली बोइंगने मॅक्डोनेल डग्लस ही प्रतिस्पर्धी कंपनी घेतली. तिचे प्रमुख हॅरी स्टोनसायफर बोइंगमध्ये आले आणि खर्च, नफा, शेअरचा भाव ही भाषा वर चढली. कंपनी धंद्यासारखी चालावी, नुसती इंजिनिअरांची संस्था राहू नये, हाच आपला हेतू होता, असे त्यांनी पुढे उघडपणे सांगितले. २००० साली इंजिनिअर आणि तंत्रज्ञ चाळीस दिवस संपावर गेले. २००१ साली मुख्यालय सिॲटलहून शिकागोला हलले. नवे शहर शेवटच्या क्षणापर्यंत गुपित होते. प्रमुख फिल कॉन्डिट सिॲटलहून विमानात बसले आणि विमान हवेत गेल्यावर शिकागोचे नाव जाहीर झाले. कारखाना आणि खुर्ची यांच्यात आता पावणेतीन हजार किलोमीटर पडले.

इथे एक सोपा निष्कर्ष काढला जातो. इंजिनिअर होते तोवर ठीक होते, हिशेबनीस आले आणि बिघडले. मला तो पटत नाही. ॲलन वकील होते. कॉन्डिट पक्के इंजिनिअर, आणि मुख्यालय त्यांनीच हलवले. डेनिस म्युलेनबर्ग तर १९८५ साली शिकाऊ म्हणून कंपनीत आलेले इंजिनिअर. त्यांच्याच कारकिर्दीत मोठी वाताहत झाली.

त्याची मुळे त्यांच्या आधीच्या जिम मॅकनर्नी यांच्या काळात होती. २०१० साली एअरबसने नव्या इंजिनाचे विमान बाजारात आणले होते. त्याला तोंड द्यायला बोइंगने नवे विमान न आखता जुन्या ७३७ लाच मोठी इंजिने बसवायचे ठरवले. हेच ‘मॅक्स’. मोठी इंजिने पुढे आणि वर बसली, त्यामुळे काही वेळा विमानाचे नाक जास्त वर जाण्याचा संभव होता. ते खाली आणायला एक स्वयंचलित प्रणाली घातली. विमानावर मोजमाप घेणारे दोन सेन्सर होते, पण ही प्रणाली एका वेळी एकाच्याच मापावर विसंबून होती. तो चुकला की विमान विनाकारण नाक खाली घेई. वैमानिकांच्या पुस्तिकेत तिचा उल्लेखही नव्हता, कारण वैमानिकांना नवे खर्चिक प्रशिक्षण लागू नये, हा विक्रीचा मुद्दा होता. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी इंडोनेशियात १८९ माणसे गेली. त्या विमानाचा कप्तान दिल्लीचा तरुण होता. त्यानंतरही विमाने उडत राहिली. १० मार्च २०१९ रोजी इथिओपियात आणखी १५७ गेली. डिसेंबरमध्ये म्युलेनबर्ग यांना जावे लागले. त्याआधीच्या सहा-सात वर्षांत कंपनीने स्वतःचेच शेअर परत विकत घेण्यावर चार हजार कोटी डॉलरहून अधिक खर्च केला होता.

(२०२५ साली अहमदाबादला पडलेले विमानही बोइंगचेच. पण त्याची कारणे या गोष्टीत ओढून आणण्याची घाई मी करणार नाही.)

पुढचे प्रमुख डेव्हिड कॅल्हून संचालक मंडळातून आले. २०२२ साली मुख्यालय शिकागोहून वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टनला, म्हणजे सरकारच्या दारात पण कारखान्यापासून आणखी दूर गेले. ५ जानेवारी २०२४ रोजी उडत्या विमानाचा एक बंद केलेला दरवाजा निखळून पडला. चौकशीत कळले, की तो धरून ठेवणारे चार बोल्ट कारखान्यात परत बसवलेलेच नव्हते. कुणी प्राण गमावले नाहीत. पण फिटरच्या मुलाला ही बातमी वाचून काय वाटले असेल, याची कल्पना करा.

ऑगस्ट २०२४ मध्ये केली ऑर्टबर्ग हे मेकॅनिकल इंजिनिअर प्रमुख झाले. पहिल्याच दिवशी ते सिॲटलजवळच्या रेंटनला, ७३७ जोडली जातात त्या कारखान्यात गेले आणि मुक्कामही सिॲटल भागातच ठेवला. पुढच्याच महिन्यात त्याच भागातले सुमारे ३३ हजार कामगार संपावर गेले, तो संप त्रेपन्न दिवस चालला. मुख्यालयाचा पत्ता तेव्हाही आर्लिंग्टनचाच होता.