बारा गावचे पाणी प्यालेला नायक

‘ओडिसी’ या ग्रीक महाकाव्यात नायक आधी विशेषणाने भेटतो; त्याचे नाव वीसेक ओळी गेल्यावर येते. पहिल्याच ओळीतले हे विशेषण म्हणजे ‘पॉलिट्रोपॉस’. ‘पॉली’ म्हणजे पुष्कळ आणि ‘ट्रोपॉस’ म्हणजे वळण. हा माणूस वाटेत पुष्कळ वळणे घेऊन आलेला आहे, की स्वभावानेच वळणावळणाचा आहे? ग्रीक शब्दात दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. इंग्रजी भाषांतरकारांना मात्र बहुतेक वेळा एकाची निवड करावी लागली. कोणी त्याला भटक्या केले, कोणी चतुर, आणि एमिली विल्सन यांनी २०१७ मध्ये सरळ ‘गुंतागुंतीचा माणूस’ म्हटले. मराठीत ही अडचण येत नाही. निपाणीच्या बाजारात एखाद्या व्यापाऱ्याबद्दल ‘बारा गावचे पाणी प्यालेला आहे’ असे कोणी म्हटले, तर तो पुष्कळ हिंडलेला आहे आणि सहज फसणारा नाही, हे दोन्ही ऐकणाऱ्याला एकदम कळते.

बेळगाव-निपाणी पट्ट्यातल्या वाचकाच्या हाती होमर बहुधा इंग्रजीतून येतो. ग्रीक महाकाव्य वाचणे म्हणजे त्याच्यासाठी परक्या भाषेतून आणखी परक्या भाषेकडे पाहणे. पण दोन भाषांमध्ये ये-जा करणे या भागाला नवे नाही. घरात मराठी, जमिनीच्या उताऱ्यावर कन्नड, कॉलेजात इंग्रजी, अशी इथली रीतच आहे. त्यामुळे भाषांतरात काय निसटते याची जाण इथल्या वाचकाला पुस्तक उघडण्याआधीच असते. शिवाय आणखी एक गोष्ट त्याच्या जवळ आहे, जी लंडन-न्यूयॉर्कच्या वाचकाजवळ नाही. ती म्हणजे धनगरी ओवी.

होमरच्या नावावर दोन महाकाव्ये आहेत. ‘इलियड’ सुमारे १५,७०० ओळींचे आणि ‘ओडिसी’ सुमारे १२,१०० ओळींचे. दोन्हींचे २४-२४ सर्ग. ही काव्ये साधारणपणे इ. स. पूर्व आठव्या-सातव्या शतकातली मानली जातात. ‘इलियड’मध्ये ट्रॉयच्या दहा वर्षांच्या युद्धातले थोडेच दिवस आहेत. सबंध युद्ध न सांगता एकच प्रसंग धरला, याबद्दल अ‍ॅरिस्टॉटलने होमरची तारीफ केली आहे. त्याचे ते काव्यशास्त्र विंदा करंदीकरांनी मराठीत आणले आहे.

भाषांतर वाचायला घेतलेला वाचक पहिल्या पन्नास पानांतच एका गोष्टीला अडखळतो. तीच तीच विशेषणे पुन्हा पुन्हा येतात. अकिलिस दर वेळी ‘वेगवान पायांचा’, पहाट दर वेळी ‘गुलाबी बोटांची’, गलबते दर वेळी ‘वेगवान’. ‘इलियड’च्या पहिल्या सर्गात अकिलिस रागावून लढाई सोडतो आणि गलबतांपाशी बसून राहतो. तो बसलेला आहे, गलबते वाळूवर ओढून ठेवलेली आहेत. तरी तो वेगवान पायांचा आणि ती वेगवानच. छापील पानावर हे हास्यास्पद वाटते.

याचा उलगडा मिल्मन पॅरी या अमेरिकन अभ्यासकाने केला. पॅरिसमध्ये १९२८ साली सादर केलेल्या प्रबंधात त्याने दाखवले की ही विशेषणे वृत्तातल्या रिकाम्या जागांच्या मापाने तयार झालेली आहेत. ओळीच्या शेवटी अमुक इतकी जागा उरली की अमुक विशेषण, तमुक इतकी उरली की तमुक. उभ्या उभ्या काव्य रचणाऱ्या गायकाला हा तयार माल लागतो. १९३३ ते १९३५ या काळात पॅरी युगोस्लाव्हियात गेला आणि तिथल्या निरक्षर गायकांची गाणी त्याने ध्वनिमुद्रित केली. अव्दो मेजेदोविच नावाच्या गायकाने त्याला बारा हजारांहून अधिक ओळींचे एक काव्य सांगितले, म्हणजे जवळजवळ ‘ओडिसी’एवढे. पॅरी १९३५ मध्येच, वयाच्या ३३ व्या वर्षी वारला. त्याचे काम आल्बर्ट लॉर्डने पुढे नेले आणि १९६० मध्ये त्यावर पुस्तक लिहिले.

हे सगळे रायबाग तालुक्यातल्या चिंचलीला मायाक्काच्या यात्रेत किंवा पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत ऐकायला मिळते. त्यासाठी बाल्कन देशांत जायला नको. भंडाऱ्याने पिवळे झालेले अंग, ढोलाचा ठेका, एकाने ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी ती उचलायची. काही ओळी गाऊन झाल्या की तीच कथा बोलून सांगायची आणि पुन्हा गाण्यावर यायचे. बिरोबाची ओवी अशी रात्रभर चालते. ओळ परत येते तेव्हा ऐकणारा कंटाळत नाही. तेवढ्या वेळात गायक पुढची ओळ जुळवतो आणि ऐकणारा मागची मुरवतो. कथा सगळ्यांना आधीच ठाऊक असते. होमरच्या श्रोत्यांनाही ट्रॉयची कथा अशीच ठाऊक होती. पुढे काय होणार यापेक्षा आज हा ते कसे सांगणार, याचे कुतूहल. कादंबरीच्या सवयीने ‘इलियड’ वाचणारा नेमका इथेच चुकतो.

धनगरी ओव्यांचा अभ्यास हायडेलबर्ग विद्यापीठाचे ग्युंथर सोन्थायमर (१९३४-१९९२) यांनी वर्षानुवर्षे केला. त्यांच्या संग्रहातल्या बिरोबा आणि धुळोबा यांच्या दोन दीर्घ कथनांचे इंग्रजी भाषांतर अ‍ॅन फेल्डहाऊस यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केले. तिथेही प्रश्न तोच उभा राहतो: परतणाऱ्या ओळी परतू द्यायच्या की छाटायच्या? गाताना जे अंगात भिनते ते छापताना पानभर वाटते.

होमरच्या इंग्रजी भाषांतरांचा इतिहास या एका प्रश्नाभोवती मांडता येतो. अलेक्झांडर पोपने १७१५ ते १७२० या काळात ‘इलियड’ यमकांत बांधले आणि त्याला आपल्या काळाचे तलम कपडे चढवले. ई. व्ही. र्‍यू यांनी १९४६ मध्ये ‘ओडिसी’ साध्या गद्यात आणली. पेंग्विनच्या अभिजात मालेतले ते पहिले पुस्तक. त्यात कथा घोड्यासारखी धावते, पण गाणे गेलेले असते. रिचमंड लॅटिमोर यांच्या १९५१ च्या ‘इलियड’मध्ये पुनरुक्ती जपलेली आहे, ते भाषांतर जड आहे आणि ओवी ऐकलेल्या माणसाला तेच अधिक ओळखीचे वाटेल. रॉबर्ट फेगल्स (१९९० आणि १९९६) मोठ्याने वाचायला उत्तम. विल्सन यांनी ‘ओडिसी’ मूळ ओळींच्या संख्येतच बसवली, पण परतणारी विशेषणे दर वेळी थोडी बदलली. गुलाबी बोटांची पहाट त्यांच्याकडे दर सकाळी वेगळी उगवते. छापील वाचकासाठी ही सोय आहे आणि ऐकणाऱ्याच्या दृष्टीने तोटा.

वृत्ताच्या बाबतीत मात्र इंग्रजी वाचकापेक्षा मराठी-कन्नड वाचक सुदैवी आहे. इंग्रजी छंद आघातावर चालतो. ग्रीक छंद आपल्यासारखा गुरु-लघूवर. होमरच्या ओळीत सहा गण असतात. प्रत्येक गण एक गुरु आणि दोन लघु, म्हणजे शाळेत घोकलेला भगण. किंवा त्याऐवजी दोन गुरु. कसेही मोजले तरी चार मात्रा. शेवटचा गण दोनच अक्षरांचा. मात्रा मोजत कुमारव्यासाची षट्पदी किंवा मोरोपंतांची आर्या म्हणणाऱ्याला हे गणित परके नाही. इंग्रजी भाषांतरात ते बहुधा दिसतच नाही, कारण त्या भाषेत तसे मोजत नाहीत.

अर्थात वृत्त जसेच्या तसे उचलले की काव्य आले, असे नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये ‘शाकुंतल’ मराठीत आणले, तेव्हा कालिदासाच्या वृत्तांना धरून न बसता साक्या, दिंड्या आणि कर्नाटकी चालींची पदे योजली. नाटक उभे राहिले ते त्यामुळे. पलीकडे कन्नडमध्ये बी. एम. श्रीकंठय्यांनी आणखी मोठी उडी मारली. सोफोक्लीसच्या नाटकातला अजॅक्स, म्हणजे अकिलिसची शस्त्रे आपल्याला मिळाली नाहीत म्हणून वेडापिसा झालेला वीर, त्यांनी १९२९ मध्ये ‘अश्वत्थामन्’ या नावाने कन्नड रंगभूमीवर आणला. त्याला भाषांतर म्हणावे की नाही, यावर वाद घालता येईल. पण ट्रॉयचा आडदांड शोक महाभारतात कुठे मुरेल, हे त्यांनी बरोबर ओळखले होते.

ग्रीक कथा या भागात आधीच कुठेतरी आहेत, असाही एक अनुभव आहे. ए. के. रामानुजन १९५० च्या दशकात बेळगावात इंग्रजी शिकवत आणि उत्तर कर्नाटकातल्या लोककथा गोळा करत. त्यांना मिळालेल्या एका कन्नड कथेत नकळत आपल्या मुलाशीच लग्न झालेली बाई आहे. इडिपसचीच गोष्ट, पण आईच्या बाजूने सांगितलेली. एकसंब्याला जन्मलेले आणि धारवाडला इंग्रजी शिकवणारे जी. ए. कुलकर्णी यांनी मराठीत ‘ऑर्फियस’ लिहिली, तीही त्या पुराणकथेला आपल्या बाजूने वळवूनच.

खरी कसोटी एकेका शब्दाची. ‘इलियड’चा पहिला शब्द ‘मेनिस’. इंग्रजीत त्याचा राग झाला, संताप झाला, चीड झाली. ग्रीकमध्ये हा शब्द मुख्यतः देवांच्या रागासाठी येतो. माणसांपैकी तो अकिलिसला शोभतो. मराठीत याला सरळ शब्द आहे: कोप. यल्लम्माचा कोप होतो. शेजाऱ्याला नुसता राग येतो. ‘अकिलिसचा कोप’ म्हटले की या माणसाच्या रागाने माणसे मरणार आणि चिता पेटणार, हे पुढे वेगळे सांगावे लागत नाही.

‘ओडिसी’च्या नवव्या सर्गातली युक्ती याहून अवघड. एकडोळ्या राक्षसाच्या गुहेत अडकलेला ओडिसियस आपले नाव ‘कोणी नाही’ असे सांगतो आणि रात्री त्याचा डोळा फोडतो. राक्षस ओरडतो तेव्हा बाहेरचे भाऊबंद विचारतात, काय झाले, कोणी मारतोय का? तो म्हणतो, कोणी नाही मला मारतोय. ते निघून जातात. इंग्रजीत हे सहज जमते. मराठीत नकार क्रियापदाला चिकटतो, म्हणून हेच वाक्य वाकडे होते. त्यावर उपाय एकच, वाक्य तोडायचे. बाहेरून प्रश्न: “कोण मारतंय रे तुला?” आतून उत्तर: “कोणी नाही!” कन्नडमध्येही ‘यारू इल्ला’ म्हणून तीच गंमत साधते. राक्षस मेंढपाळ आहे, दूध काढून कोकरे आईखाली सोडतो, आणि ओडिसियस मेंढ्याच्या पोटाला धरून निसटतो. ही गोष्ट मेंढवाड्यात सांगितली तर फारशा टिपा लागणार नाहीत.

पाहुण्याला आधी खाऊ घालायचे आणि मग नाव-गाव विचारायचे, ही होमरची रीतही इथे समजावून सांगावी लागत नाही. ‘ओडिसी’च्या तिसऱ्या सर्गात राजा नेस्टर अनोळखी पाहुण्यांना जेवू घालतो आणि मगच तुम्ही कोण म्हणून विचारतो. इथे गूळ-पाणी पुढे करतात, इतकाच फरक.

काही शब्द मात्र इतके सोयीचे नाहीत. ओडिसियसच्या घरातल्या बायकांसाठी मूळ शब्द विकत घेतलेल्या किंवा युद्धात धरून आणलेल्या बायकांचा आहे. म्हातारी युरिक्लिया २० बैलांच्या किमतीला घेतलेली. बाविसाव्या सर्गात बारा जणींना आधी मेलेल्या पुरुषांचे रक्त पुसायला लावतात आणि मग फाशी देतात. इंग्रजीत त्या फार काळ ‘मोलकरणी’ होत्या. विल्सन यांनी गुलाम हा शब्द वापरला तेव्हा चर्चा झाली. मराठीत ‘दासी’ लिहिणे सोपे, पण पौराणिक नाटकांनी त्या शब्दाला चवरी आणि मोत्यांची माळ दिली आहे. पेशवाईतल्या कागदपत्रांत विकत घेतलेल्या बाईला बटीक किंवा कुणबीण म्हणत. ‘कुणबीण’ आज जातीवाचक वाटेल. ‘बटीक’ उरते, खडबडीत आहे, पण खरी आहे.

आणि शेवटी वल्हे. अकराव्या सर्गात मृतांच्या देशातला ज्योतिषी ओडिसियसला सांगतो की घरी पोचल्यावर खांद्यावर वल्हे घेऊन पुन्हा निघ. समुद्र ठाऊक नसलेल्या, अन्नात मीठ न घालणाऱ्या लोकांपर्यंत जा. कोणी त्या वल्ह्याला उपणणीचे अवजार समजला की तिथे थांब. इंग्रजीत त्या अवजाराला सुपासारखे नाव देतात. पण सूप वल्ह्यासारखे दिसत नाही. ग्रीक खळ्यावर लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने धान्य वाऱ्यावर उडवत; निपाणीकडे ज्वारीला वारे देताना उंच तिपाईवर उभे राहून पाटी रिती करत. म्हणजे ‘सूप’ लिहिले तर चित्र चुकते आणि ‘लाकडी फावडे’ लिहिले तर वाचक खळ्यावरून बांधकामावर जातो. त्यात आता मळणी यंत्र आले. तिशीच्या आतल्या पुष्कळांनी उपणणी पाहिलेलीच नाही. त्यांच्यासाठी खळ्याचीही टीप द्यावी लागेल आणि वल्ह्याचीही.